तिकीट संपलं म्हणतात, खुर्च्या मात्र रिकाम्या: पुण्यात गाण्याचा कार्यक्रम हुकतो तेव्हा काय तपासायचं

आधी लक्षणं. यातलं एखादं जुळत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- सकाळी पेपरात मैफलीचा फोटो दिसतो आणि कार्यक्रम होता हेच तेव्हा कळतं.
- तिकिटांच्या ॲपवर शोधलं की स्टँडअप येतं, गरबा येतो, जादूचे प्रयोग येतात; गाणं काही येत नाही.
- ॲपवर ‘सोल्ड आउट’, पण जाऊन आलेले शेजारी सांगतात की मागच्या रांगा मोकळ्याच होत्या.
- मोठ्या कार्यक्रमाची विक्री सुरू झाली की पान नुसतं फिरत राहतं. उघडतं तेव्हा स्वस्त तिकिटं गेलेली असतात.
- खात्यातून पैसे गेले, तिकीट आलं नाही.
- तिकीट हातात आहे, पण दारावरचं मशीन ते घेत नाही.

घरात, सोसायटीत आणि लेकीच्या गाण्याच्या क्लासमधल्या पालकांत तिकिटांची निस्तरानिस्तर माझ्याकडे येते. पहिल्या तीन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी मूळ बहुधा एकच असतं: कार्यक्रम जाहीर होतो एकीकडे, तिकीट मिळतं दुसरीकडे, आणि आपण फोनमध्ये भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो. मधल्या पायऱ्या गाळू नका. बँकेत जाऊन भांडण्याआधी तिकीट दुसऱ्या मेल आयडीवर आलेलं नाही ना, हे पाहिलेलं बरं.

१. कार्यक्रम कोणत्या प्रकारचा आहे?

याला दोन मिनिटं लागतात आणि बरीच प्रकरणं इथेच मिटतात. पुण्यात, आणि थोड्याफार फरकाने मुंबई-ठाण्यातही, गाण्याचे कार्यक्रम ढोबळ तीन प्रकारचे.

पहिला, संस्थेची मैफल. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेला भारत गायन समाज, गांधर्व महाविद्यालय, एखादं मित्रमंडळ किंवा गुरूंच्या स्मृतीसाठी शिष्यांनी चालवलेला न्यास असे हे आयोजक. जागा लहान: ज्योत्स्ना भोळे सभागृह, एस. एम. जोशी सभागृह, सुदर्शन रंगमंच. प्रवेश विनामूल्य किंवा देणगी प्रवेशिकेवर. शे-दीडशे खुर्च्यांसाठी कोणी ॲपच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे ही मैफल ॲपवर सापडली नाही तर ॲपचा दोष नाही. ती तिथे नसतेच.

दुसरा, नाट्यगृहातला तिकीट लावलेला कार्यक्रम. बालगंधर्व, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, टिळक स्मारक, गणेश कला क्रीडा मंच, चिंचवडचं रामकृष्ण मोरे. तिकडे पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन, किंग्ज सर्कलचं षण्मुखानंद. नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी, गझल वगैरे. तिकिटं खिडकीवरही आणि ॲपवरही.

तिसरा, मैदानातला किंवा स्टेडियममधला. तिथे खिडकी असा प्रकार जवळजवळ उरलेला नाही. सगळं ॲपवर.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव या तिन्हींत नीट बसत नाही. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा उत्सव आर्य संगीत प्रसारक मंडळ भरवतं. तिकिटं ऑनलाइन आणि शहरातल्या काही ठरावीक दुकानांत, दोन्हीकडे मिळतात. आता तो मुकुंदनगरला होतो. अजूनही काही जण डिसेंबरात जुन्या जागी, रमणबागेपाशी, जाऊन विचारतात. इथे गोंधळ होतो तो तिकिटाच्या प्रकारावरून. सगळ्या दिवसांचं सीझन तिकीट वेगळं, एका दिवसाचं वेगळं. खुर्ची वेगळी, भारतीय बैठक वेगळी. आधी संपतात त्या पुढच्या खुर्च्या. ‘सवाई हाउसफुल्ल’ असं कोणी सांगितलं तर नेमकं काय संपलं ते विचारा. बैठकीचं एका दिवसाचं तिकीट शिल्लक असायची शक्यता चांगली असते, आणि मांडी घालून बसवत असेल तर गाणं ऐकायला त्याहून चांगली जागा नाही, हे माझं मत.

२. ॲपमधला शोध

ॲप उघडलंच आहे तर शहर कोणतं निवडलंय ते बघा. मागच्या महिन्यात नागपूरला गेला असाल आणि तिथे सिनेमाचं तिकीट काढलं असेल, तर ॲप अजून नागपुरातच असू शकतं. मग भाषेची आणि तारखेची चाळणी काढून टाका. भाषा ‘मराठी’ ठेवली की शास्त्रीय गायन बऱ्याचदा गळतं, कारण नोंद करणाऱ्याने ‘हिंदी’ टाकलेलं असतं. यमन राग कुठल्या भाषेत गातात हे त्या बिचाऱ्याने ठरवायचं तरी कसं?

कलाकाराच्या नावाने शोधण्यापेक्षा सभागृहाच्या नावाने शोधा. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग चार जण चार तऱ्हांनी करतात, सभागृहाचं नाव मात्र साधारण एकसारखं असतं.

३. पेपर, फलक, यादी

ॲपवर नसेल तर पेपर. शहरपानावर ‘आजचे कार्यक्रम’ छापाची बारीक चौकट असते, तीच उपयोगाची. पानभर जाहिरात आली म्हणजे प्रायोजक मोठा आहे, एवढंच कळतं. अडचण अशी की चौकट त्याच दिवशी येते, त्यामुळे संध्याकाळची सोय लावायला वेळ उरत नाही.

त्यावर उपाय नाट्यगृहाचा फलक. नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधीच वाटल्या जातात, म्हणजे जाहिरात येण्याच्या कितीतरी आधी अमुक शनिवारी कोण येणार हे तिथे ठाऊक असतं. जंगली महाराज रस्त्याने जाताना बालगंधर्वच्या आवारात डोकवायला काही पैसे पडत नाहीत. फोटो काढून आणा.

पण या टप्प्यावर सर्वांत टिकाऊ दुरुस्ती आहे ती संस्थांच्या यादीत नाव घालण्याची. एखाद्या मैफलीला गेलात की दाराशी टेबलावर वही असते. तिच्यात नाव आणि मोबाइल नंबर लिहा. लोक लाजतात किंवा घाईत असतात, तसेच आत जातात. पुढच्या कार्यक्रमाचा मेसेज वहीतल्या नंबरांना जातो, बाकीच्यांना पेपरातला फोटो. सभासद वर्गणी असेल तर वर्षातून दोनदा जाणार असाल तरी ती भरण्यासारखी असते.

दिवाळी पहाटचं गणित निराळं. त्याच्या प्रवेशिका बहुतेकदा प्रायोजकाच्या दुकानात, बँकेच्या शाखेत किंवा नगरसेवकाच्या कार्यालयात ठेवलेल्या असतात, आणि वसुबारसेपर्यंत थांबलात तर संपलेल्या असतात. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रवेशिका मिळण्याचे ठिकाण’ लिहिलेलं असतं. तेवढी एक ओळ वाचायची. वरचे फोटो नंतर बघा.

४. ‘सोल्ड आउट’ दिसतंय: खिडकीवर जा

सगळ्यात जास्त वेळा मी हीच दुरुस्ती केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नाट्यगृहातल्या कार्यक्रमाच्या सगळ्या खुर्च्या ॲपवर जात नाहीत. आयोजक खुर्च्यांच्या प्लॅनमधल्या काही रांगा ॲपला देतो, काही खिडकीला ठेवतो, काही प्रायोजकांच्या सन्मानिकांसाठी, म्हणजे फुकट पासांसाठी, आणि काही कलाकारांच्या घरच्यांसाठी राखतो. ॲपला दिलेल्या रांगा संपल्या की ॲप म्हणतं ‘सोल्ड आउट’. खोटं बोलत नाही ते. त्याच्यापुरतं खरंच संपलेलं असतं. त्याच वेळी खिडकीतल्या प्लॅनवर बाल्कनीच्या दोन रांगा कोऱ्या असू शकतात.

म्हणून खिडकीवर जा किंवा फोन करा. पण वेळ पाहून. नाट्यगृहांची तिकीटविक्री बहुधा सकाळी आणि संध्याकाळी असते. दुपारी दोनला जाऊन ‘खिडकी बंद होती’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. फोनवर विचारताना ‘तिकिटं आहेत का?’ एवढंच विचारलंत तर ‘नाहीत’ हे उत्तर ऐकून फोन ठेवावा लागतो. ‘बाल्कनी धरून काही आहे का, आणि राखीवमधली परत आली तर कधी विकता?’ असं विचारा. बुकिंगवर बसणारा माणूस रोज हेच काम करतो. नीट विचारलं तर नीट सांगतो.

त्यानेही नाही म्हटलं तर कार्यक्रमाच्या दिवशी तासभर आधी खिडकीशी उभं राहा. प्रायोजकाकडून न उचललेल्या सन्मानिका तेव्हा परत येतात आणि त्या खुर्च्या विक्रीला निघतात. एक-दोन तिकिटांसाठी हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. सहा जणांना एकत्र बसायचं असेल तर नाद सोडा.

खिडकीचा आणखी एक फायदा पैशांचा. ॲप तिकिटावर सुविधा शुल्क लावतं आणि त्या शुल्कावर जीएसटी. खिडकीवर ते पडत नाही. तिकिटाचं म्हणाल तर संगीताच्या कार्यक्रमाला माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशावर जीएसटी नाही. ४५० च्या तिकिटावर कोणी कर लावत असेल तर तो कशाचा, हे विचारायला हरकत नाही.

विनामूल्य कार्यक्रमात ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असतं आणि पुढच्या काही रांगा निमंत्रितांसाठी राखीव. प्रवेशिका म्हणजे खुर्ची नव्हे. अर्धा तास आधी पोचा. आणि एका रुमालाने सबंध रांग अडवून ठेवणाऱ्यांशी वाद घालू नका, व्यवस्थापकाला बोलवा. खुल्या जागेतल्या कार्यक्रमाला ‘आठला सुरू म्हणजे साडेआठ’ हा हिशेब चालत नाही: ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा आहे आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच मिळते, म्हणून आयोजकाला वेळेत सुरू करावंच लागतं.

५. मोठी विक्री: पान उघडत नाही

२२ सप्टेंबर २०२४ ला दुपारी १२ वाजता नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमांची विक्री उघडली, तेव्हा गर्दीने साइट कोलमडली आणि रांगेतले नंबर लाखांत गेले. तिकिटं होती २,५०० ते ३५,००० रुपयांची. एवढ्या गर्दीत तुमच्या वायफायचा दोष काढण्यात अर्थ नाही. तुमच्या हातात असतं ते आदल्या दिवशी करायचं काम.

आदल्या दिवशी लॉगिन करून ठेवा. ऐनवेळी ओटीपी उशिरा येतो आणि रांगेतली जागा जाते. नवा फोन घेतला असेल तर सावध: नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. अडीच हजारांची चार तिकिटं त्यात बसत नाहीत, आणि हे कळतं ते नेमकं पैसे भरताना. नवं कार्ड असेल तर त्यावर ऑनलाइन व्यवहार चालू केलेत का बघा. २०२० पासून नवी कार्डं ऑनलाइनसाठी बंद अवस्थेतच येतात, आपण बँकेच्या ॲपमधून चालू करायची. काही कार्यक्रमांत एखाद्या बँकेच्या कार्डधारकांसाठी विक्री आधी उघडते. ते कार्ड घरात कोणाकडे आहे ते विचारून ठेवा.

रांगेत शिरल्यावर पान ताजं करू नका, मागे जाऊ नका, त्याच खात्याने दुसऱ्या फोनवरून शिरू नका. कुठला भाग घ्यायचा आणि तो गेला तर दुसरा कुठला, हे घरात आधी ठरवा. खुर्च्या तुमच्या नावावर काही मिनिटंच धरून ठेवलेल्या असतात, आणि त्या मिनिटांत नवऱ्याला ऑफिसात फोन लावून ‘चार हजारवालं घेऊ की साडेसहावालं’ विचारणाऱ्यांची तिकिटं जातात.

नाहीच मिळालं तर त्या दिवशी काहीही करू नका. कोल्डप्लेचे मुळात १८ आणि १९ जानेवारी २०२५ हे दोनच दिवस जाहीर झाले होते; २१ तारखेचा तिसरा कार्यक्रम विक्रीच्या दिवशीच वाढवला, पुढे अहमदाबादचे दोन दिवस आले. पहिल्या तासाभरात घाबरून काळ्या बाजाराकडे वळलेल्यांना हे थांबून पाहता आलं असतं.

६. पैसे गेले, तिकीट नाही

लगेच पुन्हा पैसे भरू नका. इथे सगळ्यात जास्त नुकसान दुसऱ्या घाईच्या पेमेंटने होतं: नंतर दोन्ही बुकिंग पक्की होतात आणि चार माणसांसाठी आठ तिकिटं येतात.

पहिलं, ॲपमध्ये ‘माझी बुकिंग’ उघडा. मेसेज न येताही तिकीट तिथे असू शकतं. दुसरं, मेलचा स्पॅम फोल्डर पाहा, आणि बुकिंग करताना कोणता मेल आयडी दिला होता ते आठवा. पाच-सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीचा पत्ता अजून ॲपमध्ये बसलेला मी पाहिला आहे. तिसरं, यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराची स्थिती बघा. पुढे कोणाकडे जायचं हे यावरच ठरतं.

‘प्रलंबित’ किंवा ‘अयशस्वी’ असेल आणि पैसे कापलेले असतील, तर विषय बँकेचा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे विक्रेत्यापर्यंत पुष्टी न पोचलेल्या व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. कार्डाने भरलेले असले तरी हेच. म्हणून पाच दिवस शांत बसा. बहुतेक पैसे त्याआधीच येतात.

‘यशस्वी’ असेल आणि तरीही तिकीट नसेल, तर पैसे विक्रेत्याकडे पोचले आहेत. बँकेत जाऊन उपयोग नाही. ॲपच्या मदत विभागात यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ देऊन लेखी तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. फोनवरच्या तोंडी आश्वासनाला पुढे कुठेच किंमत नसते.

आणि इथे एक ठळक इशारा. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. वर दिसणारा नंबर भामट्यांचा असू शकतो. ॲपच्या आत जो मार्ग दिला आहे तोच वापरा. ‘पैसे परत पाठवतो, पिन टाका’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायला सांगितलं तरी तेच.

७. दारावर मशीन तिकीट घेत नाही

स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा, फोनची काच पुसा, स्क्रीनशॉटऐवजी ॲपमधलं तिकीट उघडा. काही कार्यक्रमांत कोड ठरावीक वेळाने बदलतो, त्यामुळे सकाळी काढलेला स्क्रीनशॉट संध्याकाळी निरुपयोगी. मैदानात गर्दीने नेट बंद पडतं, म्हणून ॲप घरूनच एकदा उघडून ठेवा. एकाच फोनवर चौघांची तिकिटं असतील तर चौघांनी एकत्रच आत जायचं.

मशीन ‘आधीच वापरलं आहे’ म्हणालं आणि तिकीट तुम्ही स्वतः काढलेलं असेल, तर बुकिंगचा मेल आणि ओळखपत्र घेऊन चौकशीच्या टेबलावर जा. ते त्यांच्या यादीत शोधू शकतात. तिकीट दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर तुमच्या बाजूने बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही. एकच स्क्रीनशॉट पाच जणांना विकलेला असतो आणि पहिला पोचतो तो आत जातो.

कुठे थांबायचं

अनोळखी माणसाकडून तिकीट घ्यायची वेळ आली की थांबा. ‘निम्मे पैसे आता, निम्मे गेटवर’ हाही सापळाच आहे. ओळखीच्याकडून घेत असाल तर ॲपमधूनच तुमच्या नावावर पाठवायला सांगा. ती सोय नसेल तर त्याच्यासोबत आत जा.

पैसे भामट्याला गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून लगेच १९३० ला फोन करा आणि नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून उद्या सकाळी नाही, आत्ता. यात माझ्यासारख्या हौशी मदतनीसाचं काही काम नाही.

बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही; माहितीसाठी १४४४८. विक्रेता किंवा आयोजक परतावा देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बऱ्याच कंपन्या तिथून चौकशी आली की हलतात. त्यानंतरचा मार्ग ग्राहक आयोगाचा: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. रद्द झालेल्या कार्यक्रमाची घरभर तिकिटं अडकली असतील तर जरूर जा. ऐंशी रुपयांच्या सुविधा शुल्कासाठी मात्र जाऊ नका. तारखांना हजर राहायला त्याहून जास्त रिक्षाभाडं जाईल.